शिधा द्या, ताट नको

इंदूरहून कुठल्याही रस्त्यानं पाऊण तास बाहेर पडा. खंडवा रोड घ्या, महूच्या पुढे मानपूरकडे जा किंवा देपालपूरची वाट धरा, ‘फार्म स्टे’ची पाटी दिसल्याशिवाय राहत नाही. पाटीवर बैलगाडी असते. आत हिरवळ, निळ्या फरशीचा स्विमिंग पूल, बुफेची टेबलं आणि संध्याकाळी सातनंतर डीजे. शेत कुठे म्हणून विचारलं तर वेटर कुंपणापलीकडे हात दाखवतो. तिथे सोयाबीन असतं खरं, पण ते शेजाऱ्याचं.

या धंद्यावर माझा राग नाही. कुणाला लग्नाचा पंचविसावा वाढदिवस पूलच्या काठी करायचा असेल तर त्यानं खुशाल करावा. पण त्यालाच शेतीपर्यटन म्हणायचं, त्याच नावाखाली नोंदणी आणि सवलती द्यायच्या, वर ‘इको-फ्रेंडली’ म्हणून पाठ थोपटायची, हे मला मान्य नाही. राबतं शेत, दोन-चार एकरांचं, घरच्या माणसांनी कसलेलं. अशा शेतावर शहरातल्या कुटुंबानं चार दिवस राहावं आणि शेताचं त्यात नुकसान होऊ नये, असं खरंच वाटत असेल तर एक अट सगळ्यांत आधी घालायला हवी. पाहुण्यांनी आपला स्वयंपाक आपण करावा. शेतकऱ्यानं खोली द्यावी, ओटा आणि शेगडी द्यावी, भांडी द्यावीत. शेतातलं धान्य, भाजी, दूध रोखीनं विकावं. ताट वाढायची जबाबदारी घेऊ नये.

डिसेंबरातलं माळव्यातलं शेत डोळ्यांपुढे आणा. गव्हाला पाणी चालू आहे. शेतीच्या फीडरची वीज पाळीनं येते. पाळी रात्रीची असली तर घरातला कर्ता माणूस रात्रभर टॉर्च घेऊन बांधावर आणि सकाळी झोपलेला. बाईचा दिवस पाचला सुरू होतो: धारा, शेण, मुलांचे डबे, मग लसणात खुरपणी. अशा घरात शनिवारी सहा पाहुणे उतरतात. आठला पोहे हवेत, एकाचा चहा बिनसाखरेचा, दुपारी दाल-बाफले. बाफले म्हणजे कणकेचे गोळे: आधी उकडायचे, मग कंड्यांवर, म्हणजे गोवऱ्यांवर, भाजायचे, मग तुपात बुडवायचे; सकाळ त्यातच जाते. चार वाजता भजी, रात्री मुलांसाठी काहीतरी कमी तिखट. घरगुती जेवण हे अशा ठिकाणांचं मुख्य आकर्षण म्हणून विकलं जातं आणि खोलीच्या भाड्यातच ते धरलेलं असतं. त्या बाईच्या दिवसाचा भाव कुणी लावत नाही, कारण ती तसाही स्वयंपाक करतेच. चार माणसांच्या आणि दहा माणसांच्या स्वयंपाकात असा काय फरक, असं विचारणारा पुरुष सहसा कधी चुलीपुढे बसलेला नसतो.

याचे शेवट दोनच. एकतर घर पाहुण्यांना कंटाळतं आणि खोल्या बंद करून टाकतं. नाहीतर आचारी ठेवतं. आचाऱ्याचा पगार काढायला दर आठवड्याला तीस माणसं हवीत, तीस माणसांना वाढायला वेटर हवेत, आणि तीस माणसं नुसत्या गव्हाकडे बघून खूश होत नाहीत, त्यांना पूल हवा. रिसॉर्टची सुरुवात पुष्कळदा स्वयंपाकघरातून होते, आणि शेवटी शेत हिरवळीखाली जातं.

ब्रिटनमध्ये लहान शेतांवर सुट्टीसाठी घरं भाड्यानं देण्याची पद्धत चांगली रुळलेली आहे. रिकामा गोठा किंवा धान्याचं जुनं कोठार दुरुस्त करून त्यात दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर काढतात. पाहुणे आठवडाभर राहतात, आपलं आपण रांधतात. मालकीणबाई पहिल्या दिवशी फार तर अंडी, दूध, पाव ठेवून जाते. वसंतात मेंढ्या वितात तेव्हा शेतकरी रात्र रात्र जागा असतो. सकाळी तो कुणाला नाश्ता कुठून देणार? इटलीनं तर १९८५ साली शेतीपर्यटनाचा राष्ट्रीय कायदाच केला आणि २००६ मध्ये तो नव्यानं लिहिला. त्याचा गाभा असा की शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे आणि पाहुणचार तिला जोडून चालला पाहिजे. जेवण द्यायचंच तर त्यात आपल्या शेतातल्या मालाचा चांगला वाटा हवा. तिथेही पळवाटा काढणारे असतील, पण निदान कायद्याला शेत दिसतं.

हे शिकायला इटलीपर्यंत जाण्याची तशी गरज नव्हती. इंदूरपासून दोन-अडीच तासांवर नर्मदा आहे. परिक्रमेला निघालेल्या माणसाला काठावरची गावं आणि आश्रम पिढ्यानपिढ्या सदाव्रत देत आले आहेत: पीठ, डाळ, मीठ, असला तर गूळ. सगळा कच्चा शिधा. परिक्रमावासी तो घेतो, तीन दगड मांडतो, शिजवतो, भांडं घासतो आणि पुढे निघतो. आता बऱ्याच ठिकाणी तयार जेवणही मिळतं, पण जुनी रीत ही होती. पाच-पंचवीस घरांची गरीब गावं हंगामभर येणाऱ्या-जाणाऱ्यांचा भार सोसू शकली, कारण यजमानाच्या घरात पाहुण्यासाठी चूल पेटवावी लागत नव्हती. परिक्रमेत मराठी माणसं मोठ्या संख्येनं असतात; त्यांना ही व्यवस्था समजावून सांगायला नको.

यात एक कडू भागही आहे, तो झाकून पुढे जाता येणार नाही. आपल्याकडे प्रवासात स्वतः रांधून खाण्यामागे सोवळं होतं. दुसऱ्या जातीच्या हातचं चालत नव्हतं, म्हणून पितळी डबा आणि वातींचा स्टोव्ह बरोबर. महू, मानपूर, चोरलच्या पट्ट्यात आदिवासी शेतकऱ्यांची शेतं आहेत. उद्या त्यांनी दोन खोल्या काढल्या तर ‘स्वयंपाक कोण करतं?’ हा प्रश्न फोनवरच विचारला जाईल, आणि विचारणाऱ्यांत इंदूरच्या रामबागेतले, सुदामा नगरातले आपले मराठी लोकही असतील. पाहुण्याच्या हाती शेगडी दिली की हा प्रश्न उठत नाही आणि शेतकऱ्याचं उत्पन्न बुडत नाही. ही पळवाट झाली का? काही अंशी झालीच. पण दूध त्याच गोठ्यातलं, पाणी त्याच विहिरीचं, भाजी त्याच हातांनी खुडलेली असते. त्यातून चार दिवसांत सोवळ्याला उभं राहायला फारशी जागा उरत नाही. आणि ज्या घराला पाहुण्यांना पंगतीत बसवायची हौस आहे, त्यांना कुणी अडवलेलं नाही.

आक्षेपांतला सगळ्यांत खरा आक्षेप बायकांचा आहे. वर्षभर पोळ्या लाटून सुट्टीतही मीच लाटायच्या? तर मग ती सुट्टी कुणाची? यावर माझं उत्तर पुरुषांना आवडणार नाही. माळव्यात उघड्यावरचे दाल-बाफले हा पुरुषांचा प्रांत मानला जातो. घरी पाण्याचा पेला न उचलणारे काका श्रावणातल्या रविवारी शेतावर कंड्यांची भट्टी लावतात, कणीक मळतात, तुपाच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाहीत. एका दिवसाला येतं ते चार दिवस का येऊ नये? शिवाय शेतावरच्या चार दिवसांना सणाचा स्वयंपाक लागत नाही. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी नाही जमली तर भात, मुगाची खिचडी, थंडीत तळलेला गराडूचा कंद, पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस. मुलांना मटार सोलायला बसवलं की तासभर घर शांत. एखाद्या वेळेला आयतं ताट हवंच असेल तर ते गावातल्या बचत गटाकडून मागवावं, आदल्या दिवशी सांगून, वेगळे पैसे मोजून. तसं केलं की तो त्या बायकांचा धंदा होतो. त्याला दर असतो, आणि ‘उद्या जमणार नाही’ म्हणायची सोयही असते.

इथे लाडपुरा खासचं उदाहरण कुणीतरी देईलच, आणि ते योग्यच आहे. २०२४ साली केंद्रीय पर्यटन मंत्रालयानं उत्कृष्ट पर्यटन गावं निवडली त्यांत मध्य प्रदेशातली तीन होती: चंदेरीजवळचं प्राणपूर, छिंदवाड्यातलं साबरवानी आणि ओरछाजवळचं लाडपुरा खास. अशा गावांत बायका होमस्टे चालवतात, स्वतः रांधून वाढतात आणि त्यातून त्यांच्या हाती पैसा आला आहे. त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण ओरछासारखं तीर्थ आणि राजवाडे शेजारी असताना पाहुणचार हाच पूर्ण वेळचा व्यवसाय होऊ शकतो. इंदूरजवळच्या सांवेर किंवा हातोदच्या बाजूच्या शेतावर पाहुणा येणार तो शनिवार-रविवारी. बाकीचे पाच दिवस शेतच पोटाला घालणार आहे. त्या शेताचे हात पोळपाटाशी अडकवणं परवडत नाही.

आता पर्यावरण. या विषयात हळहळ जास्त आणि हिशेब कमी असतो. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटरला थोडा कमी खोल असा पूल धरा: साठ हजार लिटर. गव्हाला एक पाळी देताना सहा सेंटिमीटर पाणी दिलं असं मानलं तर एवढ्या पाण्यात पाव एकराची एक पाळी होते. एवढंच? हो, एवढंच. पूलला उठता-बसता शिव्या घालणाऱ्यांनी, ज्यांत मीही आहे, हा आकडा ध्यानात ठेवावा. दुखणं आकड्यात कमी आणि महिन्यात जास्त आहे. पूलला गर्दी होते ती एप्रिल-मेमध्ये, शाळांना सुट्टी लागल्यावर, आणि तेव्हाच विहिरींचा तळ दिसतो, ट्यूबवेल हवा ओढू लागतात. माळव्याला ‘डग डग रोटी, पग पग नीर’ म्हणून मिरवायची सवय आहे. याच माळव्यात १९९० साली देवासला रेल्वेनं पाणी पोचवावं लागलं होतं, आणि इंदूर शहर १९७८ पासून सत्तर किलोमीटरवरच्या नर्मदेचं पाणी पंपांनी डोंगर चढवून पितं आहे. उन्हाळ्यात शेतावरचं पाणी गाईगुरांचं आणि भाजीच्या वाफ्याचं. तेव्हा पाहुणा घेऊच नये, किंवा घेतला तर त्याला टाकी दाखवून घ्यावा. आपली भांडी आपण घासणाऱ्या कुटुंबाला टाकीतली पातळी दुसऱ्या दिवशीच कळते. हॉटेलात रोज बदलणाऱ्या चादरींचं पाणी कुणालाच दिसत नाही.

सगळ्यांत मोठी बचत तर स्वयंपाकात नाहीच, अंतरात आहे. मनालीला जाणारं कुटुंब चाळीस किलोमीटरवरच्या शेतावर गेलं, तर विमान-गाडीच्या इंधनात जे वाचतं त्यापुढे सौर दिवे आणि बांबूचे टूथब्रश किरकोळ आहेत. मग ते कुटुंब शेतावर जाऊन भले रोज आंघोळीला दोन बादल्या घेवो.

कचऱ्याच्या बाबतीत इंदूरकराला कुणी शिकवू नये अशी आपली समजूत. २०१७ पासून देशात स्वच्छतेचा मान आपल्याकडे आहे, देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा रोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प २०२२ पासून उभा आहे, आणि घरासमोरच्या गाडीत ओलं-सुकं वेगळं टाकायला शेंबडं पोरही चुकत नाही. हाच नागरिक पाताळपाणी धबधब्याच्या कठड्याशी पोचला की आतून प्लास्टिक चढवलेल्या ‘कागदी’ प्लेटा झुडपात भिरकावतो. शहराची शिस्त शहराच्या गाडीबरोबर संपते, कारण गावात गाडी नाही. गावात काय आहे, तर उकिरडा; आणि उकिरड्याचं शास्त्र जगाला इंदूरनं दिलं आहे, याची आठवण खुद्द इंदुरात फारशी कुणी ठेवत नाही.

१९२४ मध्ये ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इंदूरला आले आणि इथे उभ्या राहिलेल्या कृषिसंशोधन संस्थेत १९३१ पर्यंत राहिले. आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. कापसाच्या पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण, गोमूत्रानं भिजलेली गोठ्यातली माती आणि लाकडाची राख यांचे थर खड्ड्यात द्यायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी ढीग वरखाली करायचा; तीन महिन्यांत खत तयार. माळव्यातल्या शेतकऱ्याच्या आणि चीनमधल्या शेतकऱ्याच्या पद्धती तपासून, मापून त्यांनी ही रीत बसवली. १९३१ साली तिच्यावरचं पुस्तक निघालं त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचं नाव आहे. सेंद्रिय शेतीच्या जगात तिला आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. स्वतः रांधणारं कुटुंब या खड्ड्याला नेमकं हवं ते देतं: साली, देठं, चहाचा चोथा, मटाराची टरफलं. बुफेतलं उरलेलं तेलकट पनीर आणि नान त्याला मानवत नाहीत. त्यांच्यावर कुत्री आणि उंदीर पोसले जातात. पाहुण्यानं रोजचा ओला कचरा स्वतः खड्ड्यावर नेऊन टाकावा, वर मूठभर माती लोटावी. शाळेतल्या पर्यावरणाच्या तासापेक्षा मुलं यातून जास्त शिकतील असं मला वाटतं, पण नाही शिकली तरी खत होणारच आहे.

पैशाचं काय? सोयाबीन एकरी चार क्विंटल धरलं आणि २०२४-२५ चा ४,८९२ रुपयांचा हमीभाव पूर्ण मिळाला असं मानलं, तर एकराचे साडेएकोणीस हजार होतात. त्यातून बियाणं, खत, औषधं, काढणी, थ्रेशर वजा. आणि त्या हंगामात मंडीतला भाव हमीभावाच्याही खाली होता; सहा हजारांची मागणी घेऊन माळव्यातले शेतकरी ट्रॅक्टरसकट रस्त्यावर आले होते. समजा, शेतावरच्या जुन्या घराच्या दोन खोल्या, स्वयंपाकघरासह, रात्रीला दीड हजारानं दिल्या. तेरा रात्रींत एका एकराची ढोबळ रक्कम उभी राहते. जेवण त्यात नसल्यामुळे पाहुण्यालाही हे स्वस्त पडतं, तो दोनऐवजी चार दिवस राहतो. मात्र यासाठी नवीन कॉटेज बांधायला कर्ज काढणाऱ्याला मी हात जोडीन. देशातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन २०१५-१६ च्या गणनेत १.०८ हेक्टर होती. तेवढ्या जमिनीवर कॉटेजचा हप्ता बसला की शेती हप्त्यासाठी चालते. मुलं शहरात गेल्यावर रिकाम्या पडलेल्या खोल्या माळव्यातल्या कितीतरी घरांत आहेत. छत दुरुस्त करा, संडास नीट करा, ओटा बांधा. तेवढं पुरे.

शिधा विकून शेतकरी श्रीमंत होईल अशा भ्रमात मात्र कुणी राहू नये. २०२२ मध्ये मंदसौर-नीमचकडे लसूण मातीमोल झाला होता, आणि २०२४ च्या अखेरीस त्याच लसणानं शहरातल्या किरकोळ बाजारात किलोला तीनशे रुपये ओलांडले. असल्या उलथापालथीला पाहुण्याच्या दोन किलो लसणानं काही होत नाही. एक होतं: मंडीतला भाव आणि आपल्या कॉलनीतल्या ठेल्यावरचा भाव यांतली दरी शहरातल्या माणसाला शेतावर उभं राहून दिसते. तो पुढच्या वर्षी गव्हाची पोती थेट इथूनच उचलील, निदान काही जण उचलतील.

राहिला हंगाम. शेताचं वेळापत्रक आणि शाळेचं वेळापत्रक यांचं जमत नाही. सोयाबीनची काढणी दसऱ्याच्या आसपास, दिवाळीच्या सुट्टीत रब्बीची पेरणी, आणि मे महिन्यात शेतात बघायला ढेकळं. पावसाळ्यात माळवा सुंदर दिसतो, पण काळ्या मातीत गाडी रुतली की ट्रॅक्टरनंच निघते. उरतात ते नाताळ ते संक्रांत हे आठवडे, हरभऱ्याला घाटे आणि गव्हाला ओंब्या धरायचे दिवस. बाकीच्या वेळी घरानं ‘आत्ता नको’ म्हणावं, किंवा ‘या, पण आम्ही शेतात असू, किल्ली शेजारी आहे’ म्हणावं. स्वयंपाक पाहुण्याचा पाहुण्याकडे असेल तरच हे दुसरं वाक्य म्हणता येतं.

सरकारकडून यात फार अपेक्षा नाही. महाराष्ट्रानं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. मध्य प्रदेशात होमस्टे, ग्राम स्टे आणि फार्म स्टे यांच्या नोंदण्या वेगवेगळ्या आहेत. चौकट आहेच, तिच्यात दोन बदल पुरतील. फार्म स्टेच्या अर्जात जेवणाच्या हॉलऐवजी पाहुण्यांसाठी स्वतंत्र स्वयंपाकघर मागावं. आणि नोंदणी खसऱ्याच्या (सर्व्हे नंबरच्या) गिरदावरीला, म्हणजे पीकपाहणीला, जोडावी. दर हंगामात कुठल्या खसऱ्यात काय पेरलं ते तिथे चढतंच. गहू, हरभरा, लसूण, सोयाबीन, काहीही दिसलं की तो फार्म स्टे. सलग दोन हंगाम पीक दिसलं नाही तर जमिनीचं डायव्हर्शन करून घ्या, म्हणजे ती बिनशेती करा, व्यापारी दरानं वीज-पाण्याची बिलं भरा आणि पाटीवर रिसॉर्ट लिहा. पटवाऱ्याला, म्हणजे तलाठ्याला, त्यासाठी जास्तीचं काम पडणार नाही. तो हंगामाला शेतात जातोच, निदान कागदावर तरी.